क्वीनी काय म्हणाली

क्वीनीने दार उघडलं, दोन गणवेश पाहिले आणि माडीकडे तोंड करून ओरडली, "अरे ए! बॉटल आलीय ॲपल्सपाशी! स्कापा!"

सार्जंट मॅकरे उंबऱ्यावरच थबकला. लष्करी पोलिसांतला हा माणूस कालच स्कॉटलंडहून आला होता. लढाईतून पळालेल्या शिपायांना हुडकून काढायचं हे त्याचं काम. बेथनल ग्रीनच्या चौकीने सोबतीला टेड हॉबडे हा कॉन्स्टेबल दिला होता, कारण टेड याच गल्लीत जन्मलेला.

"काय बरळली रे ही?" मॅकरेने विचारलं.

क्वीनीने आत्ता कुठे कॉन्स्टेबलचा हेल्मेटखालचा चेहरा नीट पाहिला. गल्लीतल्याच एडाचा पोरगा, टेड! ती पांढरीफटक पडली.

टेडला सगळं कळलं होतं. या गल्लीत यमक जुळवून बोलतात आणि जुळणारा शब्दच गिळून टाकतात, म्हणजे बाहेरच्याला पत्ता लागत नाही. जिना म्हणजे स्टेअर्स, त्याला जुळतं ॲपल्स अँड पेअर्स. पेअर्स गेलं, ॲपल्स उरलं. तशीच बॉटल म्हणजे पोलीस, आणि स्कापा म्हणजे पळ.

माडीवर लपलेल्या अर्नीला, क्वीनीच्या पोराला, टेडने तीन वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. टेडचा भाऊ लेन आणि अर्नी युद्धात नॉर्मंडीत एकाच तुकडीत होते. लेन तिथल्याच मातीत गेला, अर्नी पळून घरी आला. आता नुसतं तोंड उघडायची खोटी होती. पण हे बोलणं या परक्याला उलगडून सांगितलं, तर गल्लीत पुन्हा तोंड दाखवायची सोय नव्हती.

"तोंड शिवलंय का तुझं? सांग!" मॅकरे टेडवर खेकसला.

"टेडी..." क्वीनी एवढंच म्हणाली.

वर पलंग करकरला.

"ती म्हणतेय, चहा निवतोय, साहेब."

मॅकरेने मान लांब करून आत पाहिलं. शेगडी विझलेली, किटली पालथी. "चहा? इथे तर विस्तवच नाही."

"या हिवाळ्यात कोळसा मिळतोय कुणाला, साहेब?" टेड पायरी चढून दारात आडवा झाला. "म्हणून तर निवतोय."

मागच्या अंगणात धप्पकन काहीतरी पडलं. मग धावत्या बुटांचा आवाज.

मॅकरे टेडच्या अगदी तोंडाशी आला. "आता याचाही अर्थ सांग."

टेडने दोन्ही हात दाराच्या चौकटीला रोवले. दारातून तो हलला नाही.