शहाळ्याचं पाणी

औषधाच्या पेल्यात पाणी पन्नास मिलिलिटरच्या रेषेला टेकलं, की क्षमा माठावर झाकण ठेवायची. दिवसाचे असे दहा पेले, चहा-आमटीसकट. आठ महिन्यांत तिच्या नवऱ्याने, विद्याधरने, अकरावा मागितला नव्हता. मुलुंडच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. मूत्रपिंडातल्या रक्त गाळणाऱ्या नळ्या फळ्यावर काढून दाखवायची. नवऱ्याच्या त्या नळ्या निकामी झाल्या होत्या, लघवी थांबली होती. आठवड्यातून दोनदा त्याचं रक्त हॉस्पिटलातल्या यंत्रातून धुऊन निघे.

स्वतःची किडनी द्यायला ती पहिल्याच दिवशी तयार झाली होती. रक्तगट जुळला नाही. जुळला तो त्याच्या थोरल्या बहिणीचा, मालनताईंचा. पुढच्या तपासण्याही जुळल्या. "जुळणारच. रक्त आमचं एकच ना," ताई म्हणाल्या होत्या. विद्याधरने निर्णय बायकोवर सोडला. क्षमाने आधी शाळेच्या परीक्षांचं निमित्त सांगितलं, मग ताईंच्या वयाचं, मग चक्क पितृपक्षाचं. ती बाई जन्मभर नवऱ्याच्या पोटात राहणार, हे खरं कारण तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

रविवारी ताई अंधेरीहून थर्मासमध्ये शहाळ्याचं पाणी घेऊन आल्या. आजाऱ्याला शहाळं द्यायचं, एवढंच त्यांना कोकणातल्या घरातून ठाऊक. क्षमा स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत त्यांनी फुलपात्र भरून भावाच्या हातात दिलंही होतं. आणि आपल्याला ते वर्ज्य आहे हे पाठ असूनही त्याने ते ओठांपर्यंत नेलं होतं.

क्षमाने फुलपात्र काढून घेतलं.

"बहिणीने दिलं की विषही चालतं का हो?"

मग तिने वर्गात सांगावं तसं ताईंना सांगितलं, की शहाळ्यातलं जास्तीचं पोटॅशियम धडधाकट मूत्रपिंड बाहेर टाकतं. ह्यांच्या रक्तात ते साठत जाईल आणि हृदय बंद पडेल. ताईंचा चेहरा उतरला. क्षमाला बरं वाटलं. आता तुम्हीच संपवा, असं म्हणून तिने सगळा थर्मास त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो रिकामा केला.

तासाभराने ताई उठून बाथरूममध्ये गेल्या. दार लागलं. दोन खोल्यांच्या घरात आतला आवाज लपत नाही. लघवीचा आवाज आला, लांबलचक, सहज, कसलाही विचार न करता आलेला. विद्याधर बंद दाराकडे बघत राहिला. सुकलेल्या ओठांवरून त्याने जीभ फिरवली. त्याच्या नजरेत जे होतं ते क्षमाने लगेच ओळखलं. तो हेवा होता. महिनाभर तोच तिच्या मनात मुक्कामाला होता.

पदराला हात पुसत ताई बाहेर आल्या. क्षमाने त्यांना बसूही दिलं नाही.

"ताई, उद्या डॉक्टरांकडे जाऊ. तुमची किडनी ह्यांना बसवायची," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "पण शुद्धीवर याल तेव्हा समोर मी असेन."