सुनेची बुरशी

सासूबाईंनी चमच्याने सूप तळापर्यंत ढवळलं, थेंबभर जिभेवर घेतलं आणि आवाज खाली आणला.

"आज किती घातलीस?"

"काय?" सुनेने विचारलं.

"तुझी बुरशी."

सून हसली. प्रयोगशाळेत ती नाना तऱ्हेच्या बुरश्यांचे अर्क काढायची आणि कॅन्सरच्या पेशींवर टाकून बघायची.

"आई, ती अजून काचेच्या बशीतून बाहेर आलेली नाही. गाठीच्या पेशी मारते, तशा चांगल्याही मारते. तुम्हाला कशी देईन?"

"मला दुधखुळी समजतेस? तू सुट्टी काढून माझं खाणंपिणं हातात घेतलंस आणि गाठ निम्मी झाली. डॉक्टरसुद्धा चाट पडले."

"त्यांच्याच गोळ्यांनी झाली."

"नियमात बसत नाही म्हणून बोलत नाहीस. कळतं मला." सासूबाईंनी दाराकडे एक नजर टाकली, चष्म्याची डबी उघडली आणि टेबलावर उपडी केली. गुलाबी गोळ्या घरंगळल्या. "गाठ कमी झाल्याचं कळलं, त्या दिवसापासून या बंद. उगाच दोन-दोन औषधं कशाला?"

सून समजावून थकली, चिडली, शेवटी रडकुंडीला आली.

"शपथ घेते, आई. मी तुमच्या जेवणात काहीही घातलेलं नाही."

"एवढी शपथेवर आलीस, म्हणजे नक्की पाणी मुरतंय."

सून म्हणजे पुराव्याशिवाय एक ओळही न लिहिणारी बाई. टेबलावरच्या गोळ्या तिने एकेक करून गोळा केल्या आणि स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ वाहत राहिला. परत आली तेव्हा एका हातात पाण्याचा पेला होता, दुसऱ्या हाताची मूठ बंद.

"कोणाला सांगायचं नाही," ती म्हणाली. "तुमच्या मुलालाही नाही."

सासूबाई सावरून बसल्या. सुनेने मूठ उघडली.

"अगं, ही तर तीच दिसतेय!"

"मुद्दाम तशी बनवलीय. कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून."

सासूबाईंनी गोळी उजेडात धरली, उलटसुलट केली, हुंगली. मग सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सुनेने नजर हलू दिली नाही.

"मी म्हणत नव्हते!" असं म्हणून त्यांनी गोळी तोंडात टाकली, घटाघटा पाणी प्यायल्या आणि लहान मुलीसारखा आ वासून जीभ वर उचलून दाखवली.

सून वाकून आत बघत राहिली.