टिंबामागचं गाणं

“हे काय, चार मजली जिना बांधलास?” उम्मीनं, दोर्राच्या आईनं, पडद्याकडे पाहत विचारलं.

दोर्रा ओशाळली. फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत आणखी एक. प्रत्येकात शोधण्यासाठी तिनं प्रोग्राममध्ये वेगळा फेरा, म्हणजे लूप, लिहिला होता. बाबा असते तर म्हणाले असते, “कोडलाही बोली असते, पोरी. परक्यासारखी बोलू नकोस.”

बाबा गेले त्यानंतर पंधरा दिवस दोर्रा खोलीबाहेर आली नव्हती, धड जेवली नव्हती. सोळाव्या सकाळी उम्मी दारात येऊन उभी राहिली. बाबांनी ईदला गायलेलं गाणं कॉम्प्युटरमध्ये कुठेच दिसत नव्हतं.

“तेवढं शोधून दे. त्यांचा आवाज ऐकल्याशिवाय मला चैन पडायची नाही.”

तेव्हापासून दोर्रा रोज दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसत होती. स्फॅक्स शहरातल्या बाबांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात उम्मीनं वीस वर्षं गल्ला सांभाळला, तरी म्हणायची, “मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.” पण बसायची शेजारीच. लबलाबीचा, पाव घातलेल्या चण्यांच्या रश्श्याचा, वाडगा पुढे सरकवायची.

“‘नवीन’, ‘नवीन दोन’, ‘अगदी शेवटचं’! तुझ्या बाबांचं मोज्यांचं कपाटही असंच होतं.”

दोर्रा हसली. किती दिवसांनी.

“आणि ही ओळ कसली?”

“नावाआधी टिंब असलं की तो फोल्डर लपवलेला. यंत्राची स्वतःची कामं असतात त्यात. ही ओळ तसे फोल्डर वगळते. सगळेच वगळतात.”

“मग वगळ. आणि चणे खा, कबुतरा. पाव भिजून लगदा झाला.”

महिना गेला. एका दुपारी दोर्रानं सगळे फेरे पुसले. प्रोग्रामच्या भाषेतच त्यासाठी एक तयार शब्द होता: ‘वॉक’, म्हणजे चाल. त्या एका ओळीनं प्रोग्राम शेवटच्या फोल्डरपर्यंत उतरला आणि परत वर आला. तीन सेकंद. गाणं नाही.

तिची नजर टिंबाच्या ओळीवर गेली. ती खोडून तिनं प्रोग्राम पुन्हा चालवला.

ईदचं गाणं समोर आलं. ते ज्या फोल्डरमध्ये होतं, तो बाबा गेल्यानंतर पंधराव्या दिवशी, उम्मी दारात आली त्याच्या आदल्या दिवशी, तयार केलेला होता. त्याचं नाव होतं ‘.कबुतर’.

“मिळालं का गं?” शेगडीपाशी पाठमोऱ्या उभ्या उम्मीनं विचारलं.

दोर्रानं आपल्या रिकाम्या वाडग्याकडे पाहिलं.

“नाही, उम्मी. उद्या पुन्हा बसू.”