झाकण

सुट्ट्या तोंडावर आल्या की आमच्या घरात भेटवस्तूंसाठी कागदी डब्या करण्याचा कारखाना सुरू होतो आणि माझं माहेरी जाणं बारगळतं. "तुझ्या हाताची सफाई दुसऱ्या कुणाला नाही गं," असं म्हणत सासूबाई मला बसवून ठेवतात.

यंदा मी सफाईलाच सुट्टी दिली. डबीचं झाकण तळापेक्षा केसभर मोठं कापावं लागतं. मी मुद्दाम तळाएवढंच कापलं. एकही झाकण बसेना. टोपलीभर डब्या सासूबाईंना नेऊन द्यायला धाकट्या जावेकडे सोपवल्या आणि खुशाल बॅग भरायला गेले.

संध्याकाळी सासूबाईंचा आवाज आला, "धाकटीला जाऊ दे माहेरी, तिच्यावाचून काही अडत नाही. मोठीला मात्र सोडायची नाही हं!"

मी धावत बाहेर आले. त्या एकेक डबी बंद करून बघत होत्या. सगळी झाकणं चपखल.

धाकटी माझ्या कानाशी लागली, "जाऊबाई, तुमची झाकणं चुकली होती. तुम्हाला बोलणी बसू नयेत म्हणून मी सगळी नव्याने केली. घाबरू नका, कुण्णाला सांगणार नाही."