समुद्राकडचं वळण

काचबिंदूनं एक डोळा गेला आणि निवृत्ती खरमाळ्यांचं गाडी चालवणं कायमचं बंद झालं. एकतीस वर्षं एसटी चालवताना त्यांनी कोंबडीलाही धक्का लावला नव्हता. घरात त्यांचा जीव रमेना, म्हणून मुलीनं, शुभदानं, आपला लहानपणचा शर्यतीचा व्हिडिओ गेम टीव्हीला जोडून दिला.

त्यातला रस्ता त्यांना फार आवडला. घाट, झाडी, गिअर टाकताना बदलणारा इंजिनाचा आवाज, सगळं अगदी खरं वाटायचं. पण समुद्राकडच्या वळणावर ते महिनाभर रोज हरत होते. ब्रेक लावला की वेळ संपायचा आणि नाही लावला की गाडी कठड्यावर आदळायची.

"बाबा, पुढच्या लाल गाडीला आतल्या बाजूनं धक्का द्या," शुभदा म्हणाली. "ती फेकली जाते आणि आपली गाडी बरोबर वळते. आम्ही सगळे तसंच जिंकायचो."

"आणि तिच्यात बसलेल्याचं काय?"

"आत कुणी नाहीये हो, बाबा!"

त्या दुपारी वळणावर ते लाल गाडीला अगदी भिडले. एक धक्का दिला असता तर पहिला नंबर नक्की होता. पण त्यांचा अंगठा आपोआप गेमच्या रिमोटवरच्या ब्रेकच्या बटणावर गेला. लाल गाडी निघून गेली आणि घड्याळ शून्यावर आलं.

त्यांनी रिमोट सोफ्यावर आपटला.

"ज्यानं हा खेळ बनवला ना," ते संतापून म्हणाले, "त्यानं कधी माणसं भरून गाडी चालवलेली नाही!"