पाणी न पाजलेला कोयता

"खोटं लिहिलंय तुम्ही, सायेब! माझ्या लेकाच्या कोयत्यानं हाड तुटूच शकत नाही."

फौजदार हसला. "म्हातारे, हा तपासणीचा कागद बघ. कोयता हाडावर मारून पाहिलाय. एका घावात तुकडा! खून ह्यानंच झाला. तुझा लेक आता जन्मभर आत."

झुंबराबाईला वाचता येत नव्हतं, पण लोखंड कळत होतं. चाळीस वर्षं तिनं भट्टीसमोर घण मारला होता. टेबलावरचा कोयता तिनं लगेच ओळखला. लेकानं तो ठोकून, घासून ठेवला होता आणि पाणी पाजायच्या, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक करायच्या आतच पोलिसांनी लेकाला आणि कोयत्याला दोघांनाही उचललं होतं. पाणी न पाजलेलं पातं मऊ राहतं, हे घिसाड्याच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

तिनं पिशवीतून म्हशीच्या नळीचं हाड काढून फरशीवर ठेवलं. मग लेकानं त्याच दिवशी घडवलेला, तसाच पाणी न पाजलेला जोडीचा कोयता पिशवीतून काढून तिनं वर उचलला. हवालदार "ए, ए!" करत धावेपर्यंत घाव बसलाही होता. हाडावर नुसता ओरखडा उठला; कोयत्याची धार मात्र पार दुमडली.

तो वाकडा कोयता तिनं टेबलावरच्या कोयत्याशेजारी ठेवला. टेबलावरच्याची धार सरळ होती, लेकानं ठेवली होती तशीच.

"हा हाडावर मारला म्हणता ना?" तिचा आवाज फाटला. "मग ह्याची धार का दुमडली नाही? कुणी मारला, कशावर मारला? सांगा सायेब. सांगितल्याबिगर मी हितनं हलायची नाही."