उतरलेला आकडा

रातरीने उकडलेल्या अंड्यांची टोपली डॉक्टर विपा यांच्या टेबलावर ठेवली आणि हात जोडले.

"नवस फेडला, डॉक्टर. नदीकाठच्या बुद्धाला शंभर अंडी वाहिली. ही तुमच्या वाट्याची."

शेजारी तिचे वडील थोंगबाय शर्टाची कॉलर वर करून बसले होते. मागच्या आठवड्याचा रक्ताचा रिपोर्ट रातरीने पुढे सरकवला. पांढऱ्या पेशी जागेवर आल्या होत्या.

वडिलांच्या मानेतल्या गाठी कर्करोगाच्या निघाल्या, तेव्हा विपाबाईंनी रोजची एक गोळी सुरू केली. महिन्याभरात गाठी विरल्या, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी चौपट झाल्या. तो आकडा पाहून रातरीच्या तोंडचं पाणी पळालं. शंका आली तर फोन करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण बँकॉकच्या एवढ्या मोठ्या डॉक्टरांना आपण काय म्हणून त्रास द्यायचा? ही भीड तिच्या हाडीमाशी खिळलेली. तिने गोळी बंद केली, डॉक्टरांनीच थांबवली असं वडिलांना सांगितलं आणि नवस बोलली. दोन आठवड्यांत आकडा उतरला.

"काका, कॉलर खाली करा बघू." विपाबाईंची बोटं जबड्याखाली थांबली. "गोळी रोज चालू आहे ना?"

रातरीने मान खाली घातली. "तीन आठवडे झाले, मी बंद केली. पेशी वाढत होत्या म्हणून..."

"अगं, वाढत नव्हत्या गं!" विपाबाईंनी रिपोर्टवर बोट ठेवलं. "कर्करोगाच्या या पांढऱ्या पेशींच्या अंगावर कानासारखा एक ग्राही असतो. गाठीत बसून तो 'वाढा, वाढा' असा निरोप ऐकत राहतो. गोळीने तो निरोपच तोडला. म्हणून पेशी गाठ सोडून रक्तात आल्या, तिथे हळूहळू मेल्या असत्या. गोळी थांबली, तशा त्या पुन्हा गाठीत शिरल्या."

"मग आता?"

"आजच सुरू करू. पहिल्यासारखी लागू पडेल का, ते मला नाही सांगता येत."

रातरीला हुंदका आवरेना. एक फोन, फक्त एक फोन करायचा होता. थोंगबायनी तिचा हात हातात घेतला.

"पोरी, रिपोर्ट आला ना, त्याच सकाळी गाठ माझ्या हाताला लागली होती. पण किती महिन्यांनी हसलीस तू! माझ्या तोंडून शब्दच फुटेना."